माहेरच्या नावाने

सून मोटार चालवायला शिकवायची, म्हणून सासूबाईंच्या कपाळावरची आठी काही मोडत नव्हती. "परक्या पुरुषांशेजारी बसून दिवसभर गावभर हिंडायचं, ही काय नोकरी झाली?" असं त्या सासऱ्यांच्या देखत रोज म्हणत.

एका दुपारी यादीत नव्या विद्यार्थिनीचं नाव होतं. सुनेने गाडीचं दार उघडलं, तर स्टिअरिंगमागे गॉगल लावून सासूबाई! नाव माहेरचं दिलं होतं.

"आई, तुम्ही?"

"इथे आई नाही. मुकाट्याने शिकव, आणि घरी अवाक्षर काढशील तर बघ."

"मग क्लच दाबा. अहो, तो ब्रेक!"

"ओरडतेस कशाला गं, दाबते की!"

सासूबाई आपलं ऐकताहेत हे पाहून सुनेने हात धुऊन घेतले. मैदानाला चार फेऱ्या जास्तच मारायला लावल्या. घरी मात्र सासूबाईंचं रडगाणं चालूच राहिलं.

पुढे लायसन्स मिळालं. त्याच आठवड्यात सासऱ्यांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. सासूबाईंनी मुलाची गाडी झोकात फाटकाबाहेर काढली. जीव मुठीत धरून सासरे मागच्या सीटवर बसले.

"पुढे या," सासूबाई म्हणाल्या, "मी काय तुमची ड्रायव्हर आहे?"