खांद्यांच्या मधली कळ

गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय होतं. ते चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या कात्रीबरोबर जीभही चाले. पण काही वर्षांपासून हात गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत उचलले, की खांद्यांच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि छातीभोवती पट्टा आवळत यायचा. आधी सगळ्यांना हृदयाचंच वाटलं. ईसीजी स्वच्छ निघाला.

"काळीज ठणठणीत आहे," मास्तर बायकोला म्हणाले. "तुझ्याकडे ठेवलंय ना, म्हणून."

ती हसली नाही. ते भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपतात, हे तिलाच ठाऊक होतं.

तेल झालं, शेक झाला. शेवटी एमआरआयमध्ये दिसलं, की पाठीच्या मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाबली जातेय.

"कमरेचा मणका असता तर सोपं होतं," सर्जन म्हणाले. "इथे बरगडीचा तुकडा काढून छातीतून जावं लागेल. दुखणं जाईलच, असं सांगत नाही. पायांना धोका थोडा, पण आहे."

"आणि नाही केलं तर?"

"इंजेक्शन, व्यायाम, काम कमी. सोसवतंय तोवर थांबता येईल. पायांत फरक जाणवला, तर मात्र लगेच या."

घरी मास्तरांची थोरली बहीण कडाडली, "चालत्याबोलत्या माणसानं आपल्या पायांनी जाऊन टेबलावर झोपायचं?"

"वन्सं, सोसायचं यांना आहे," बायको म्हणाली. "ठरवू दे त्यांनाच."

मास्तर थांबले. व्यायाम नेमानं केला, गिऱ्हाइकं निम्मी केली. तरी कळ काही हटेना.

एका सकाळी मास्तर दुकानात शिरताच गिऱ्हाईक हसलं, "मास्तर, एक चप्पल घरीच?"

मास्तरांनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता, तळव्याला खडीचे ओरखडे होते, रक्त आलं होतं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. एरवी त्यांनी लगेच काहीतरी टोला हाणला असता. आज ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घरी फोन लाव. तिला म्हणावं, दवाखान्यात जायचंय."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डबॉय त्यांच्या कुशीवरचे केस काढत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कातडीवरून वस्तरा फिरवलेल्या माणसाला पहिल्यांदाच कळलं, की पातं आपल्याकडे येतं तेव्हा श्वास कसा अडकतो. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. "पाय गेले तर?" ती म्हणाली, "माझीही भीतीनं गाळण उडालीय." खोटा धीर तिनं दिला नाही, याचंच त्यांना बरं वाटलं.

पाय वाचले. बधिरपणा हळूहळू ओसरला. दुखणं अर्धंअधिक उरलं. हवा दमट झाली की बरगडीही ठणकते. आता मास्तर उंच स्टुलावर बसून फक्त सकाळी काम करतात. दुसरी खुर्ची त्यांनी विकून टाकली.

"पूर्वीसारखं झालं का?" असं कुणी विचारलंच, तर कात्री न थांबवता सांगतात, "नाही. मान खाली करा."