आठ महिने घरी नसल्याचा पुरावा

हवा गार करणाऱ्या यंत्रांची देखभाल हा त्याचा धंदा, म्हणून इमारतीतल्या कुणीतरी त्याला थंडोबा हे नाव ठेवले आणि ते चिकटले. स्वभावाने मात्र तो या नावाला कधी जागला नाही. बसल्या जागी त्याचा गुडघा हलत असे, बोलताना बोटे टेबलाची कड चाचपत असत, आणि शेजारच्या खोलीत मोटार जरा वेगळी घुरघुरली की समोरच्याचे वाक्य अर्धवट टाकून तो उठत असे. स्वतःच्या लग्नातही तो मध्येच उठून कुरकुरणारा पंखा पाहायला गेला होता, ही हकीकत त्याची बायको गेली वीस वर्षे ऐकणाऱ्याला न चुकता ऐकवत आली आहे. धंदा त्याने मामाच्या हाताखाली राहून उचलला. मामा म्हणत असे, "यंत्र बिघडायच्या आधी बोलतं, माणूस बिघडल्यावर." भाच्याने यंत्रांचे बोलणे ऐकायला शिकून घेतले, माणसांच्या बाबतीत मामाचे म्हणणे त्याला फार उशिरा पटले.

एका सरकारी कचेरीच्या तळघरातली यंत्रे तो कितीतरी वर्षे सांभाळत होता. तिथल्या लोखंडी कपाटांत संगणक रचलेले होते. त्यांत देशाची गुपिते होती की कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज, हे त्याने कधी विचारले नाही. दोन्हींना सारखाच गारवा लागतो. पगार ठेकेदार देई, काम सरकारचे होई, आणि कुणाचीच कुणाबद्दल तक्रार नव्हती. मग ठेका नव्याने निघाला आणि त्यात एक अट येऊन बसली: आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक कामगाराची सुरक्षा पडताळणी व्हावी, आणि त्याने मागील पाच वर्षे याच देशात, दिलेल्या पत्त्यावर, सलग वास्तव्य केलेले असावे, तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर गेला असल्यास सकारण खुलासा द्यावा. अट लिहिणाऱ्याला बहुधा असे वाटले असावे की देशाशी इमान राखणारा माणूस जागचा हलत नाही. त्या न्यायाने सर्वांत विश्वासू प्रजा म्हणजे रस्त्यावरचे दिव्याचे खांब.

थंडोबा हलला होता. चार वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ परदेशी बांधकामावर परांचीवरून पडला आणि कमरेखाली लाकूड झाला. तिथे त्याचे कुणी नव्हते. थंडोबाने बिनपगारी रजा घेतली, बायकोला म्हणाला "आलोच", आणि आठ महिन्यांनी आला. तेवढ्या काळात त्याने भावाला उचलले, न्हाऊ घातले, दटावले, आणि भिंतीला धरून चालते केले. हे सगळे त्याने अर्जात सरळ लिहून टाकले. पासपोर्टची प्रत जोडली, इस्पितळाचे कागद जोडले. खरे लिहिल्यावर काळजी कसली, असे समजण्याइतका तो अजून साधा होता.

"पडताळणी होईपर्यंत आत यायचं नाही," ठेकेदाराचा मॅनेजर फाटकातच म्हणाला. "तुझी हत्यारांची बॅग मात्र राहू दे आत. तिची नोंद झालीय."

"माझी बॅग आत आणि मी बाहेर?"

"बॅग कधी परदेशी गेली नव्हती ना, बाबा."

म्हणजे पान्ह्यांना परवानगी होती, हाताला नव्हती. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो, त्यापुढे माझ्याही हातात नाही, एवढे मॅनेजरने आणखी सांगितले. मग थंडोबा घरी बसला. निदान बसण्याचा प्रयत्न करू लागला. त्याने सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिले. खिडक्या उतरवून पुन्हा चढवल्या. एका सकाळी बायको शिवणाच्या दुकानात जायला निघाली, तर स्वयंपाकघरात फ्रीज पालथा पडलेला आणि नवरा त्याच्या पोटात डोके घालून बसलेला.

"काय झालंय त्याला?"

"काही नाही. बघतोय."

"धडधाकट आहे ना? मग कशाला पोट फाडताय त्याचं? तुमची पडताळणी होत नाही म्हणून घरातल्या सगळ्या वस्तूंची करणार का?"

याच अस्वस्थतेत त्याच्याकडून ती चूक झाली. जिन्यात त्याला इमारतीचे सचिव भेटले. सचिव हे निवृत्त गृहस्थ; पाण्याची मोटार, कचऱ्याचा डबा आणि इतरांचे संसार या तिन्हींची व्यवस्था ते पाहत. थंडोबा त्यांना म्हणाला, "दादा, चौकशीला कुणी येईल. जरा सांभाळून घ्या."

एवढेच. पण आपल्या माणसांत "सांभाळून घ्या" म्हटल्यावर पुढचे सांगावे लागत नाही, आणि तिथेच घात होतो. सचिवांनी त्याच संध्याकाळी चारही मजल्यांवर निरोप फिरवला: "पोरगा परदेशी गेला होता हे नडतंय. सगळ्यांनी एकच सांगायचं. तो कुठे म्हणजे कुठे गेला नाही." पडताळणीचा माणूस आला तेव्हा थंडोबा मॅनेजरची विनवणी करायला गेलेला आणि बायको दुकानात. शेजाऱ्यांनी मैदान गाजवले. सचिव म्हणाले, पाच वर्षांत या माणसाने एक दिवस घर सोडलेले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी रोज संध्याकाळी तो जिन्यात दिसतो असे शपथेवर सांगितले. समोरच्या काकूंनी तर कळस चढवला: "कुठं जायचा हो तो? बायकोच्या माहेरीसुद्धा जात नाही!"

दहा दिवसांनी बोलावणे आले. पडताळणी अधिकारी सभ्य होता. अशा कचेऱ्यांत वाईट बातमी नेहमी सभ्य माणसाकडेच दिलेली असते. त्याने फाईल उघडली, पाने सारखी केली आणि विचारले, "तुम्ही आठ महिने परदेशी होता?"

"हो साहेब. अर्जात लिहिलंय."

"तुमचे सहा शेजारी म्हणतात की तुम्ही इथेच होता."

थंडोबाचा हलणारा गुडघा एकदम थांबला.

"पासपोर्टवर जाण्याचा शिक्का आहे, येण्याचा आहे," अधिकारी शांतपणे म्हणाला. "तुम्ही इथे होता तर पासपोर्टवर गेलं कोण?"

"मीच गेलो होतो."

"मग इथे कोण होतं?"

"कुणी नव्हतं, साहेब. ते... ते माझ्या बाजूनं बोलायला गेले."

"म्हणजे खोटं बोलले?"

"खोटं नाही हो. चांगलं बोलले."

"चांगलं असा रकाना नाही आमच्याकडे." त्याने फाईल मिटली. "शेजाऱ्यांनी जबाब दुरुस्त करून द्यावेत. या आठवड्यात. नाहीतर 'वास्तव्य संशयास्पद' असा शेरा मारून फाईल बंद करावी लागेल, आणि तो शेरा मग प्रत्येक सरकारी ठेक्यात तुमच्या मागे येईल."

आजवर माणसांना आपण कुठे होतो याचे पुरावे द्यावे लागले. थंडोबाला आपण कुठे नव्हतो याचा द्यायचा होता. तो घरी न जाता थेट सचिवांच्या दारात गेला.

"लेखी देऊ?" सचिवांचा आवाज चढला. "मी सरकारी माणसापुढे खोटं बोललो, असं स्वतःच्या सहीनं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझ्या मुलाचा अर्ज पडलाय त्याच खात्यात."

"दादा, माझी रोजीरोटी जातेय."

"आणि तुझ्यासाठी आम्ही चार मजले चढलो उतरलो, ते? त्यापेक्षा तूच सांग ना, गेलो नव्हतो म्हणून. सगळ्यांचं जुळतंय, तुझं एकट्याचंच जुळत नाहीये!"

"पासपोर्टवर शिक्के आहेत."

"शिक्के काय, कुणीही मारतं," सचिव म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतले.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलेच नाही. आत दूरचित्रवाणी मात्र चालू होती. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी, सचिव म्हणतील तसं, असे सांगितले. थंडोबा चढत राहिला, उतरत राहिला, पुन्हा चढला. ज्या घरांतली यंत्रे त्याने सणकून उकडत असताना फुकट चालू करून दिली होती, त्या घरांच्या घंटा वाजवताना त्याचे बोट कचरू लागले. बायको घरी आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"गावावरून ओवाळून टाकल्यासारखे उभे काय राहिलाय? आत या."

"माझ्यासारखा मूर्ख नाही. 'खरं सांगा' म्हणायचं सोडून 'सांभाळून घ्या' म्हटलं."

"मी सांगते ना साहेबांना. आठ महिने एकटी राहिलेय मी."

"घरच्या माणसाची साक्ष चालत नाही. विचारलं मी."

तेवढ्यात समोरचे दार उघडले. काकू सत्तरी ओलांडलेल्या. ऐकू कमी येते अशी त्यांची ख्याती, पण जिन्यातले एक अक्षर त्यांच्या कानांतून सुटत नसे. "लिही माझं नाव," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. माझी मर्जी. मला कुठलं ठेक्याचं काम मिळायचंय आता? उद्या घेऊन चल मला त्या तुझ्या साहेबाकडे."

"काकू, तुमच्यावर काही आलं तर?"

"येऊ दे की. बऱ्याच दिवसांत काही आलं नाही."

दुसऱ्या दिवशी काकू अधिकाऱ्यासमोर पदर सावरून अशा बसल्या की चौकशी नेमकी कोण कुणाची करणार हे क्षणभर ठरेना.

"आजी, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग खरं कोणतं?"

"आत्ताचं."

"ते कशावरून?"

"तुमचा माणूस दारात आला. बस म्हटलं, बसला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. उभ्या उभ्या विचारतोय, या इसमाबद्दल काही संशयास्पद आहे का. अशा माणसाला कोण खरं सांगतं? आणि भाऊ पडला म्हणून धावत गेला, यात संशयास्पद काय सांगायचं होतं मी?"

अधिकाऱ्याची लेखणी थांबली. "तुमचा शब्द पुरेसा नाही, आजी. तुम्ही एकदा बदललाय. तो त्या काळात तिथे नव्हता, असं दाखवणारं दुसरं काही आहे?"

"आहे ना. माझी भिंत." काकू पुढे सरकल्या. "गच्चीवरची टाकी भरली की ओसंडून वाहते. हा घरी असला की पहिल्या थेंबाला धावतो, जेवत असला तरी. हा गेला आणि आठ महिने ती टाकी वाहिली. सचिवांना दहादा सांगितलं, त्यांनी दोनदा सूचना लावली. सगळं पाणी माझ्या भिंतीत मुरलं. हा एवढा डाग आहे. मीच तक्रार दिली होती तेव्हा इमारतीच्या कचेरीत, हा परदेशी जाऊन बसलाय असं लिहून, याच्या नावानं बोटं मोडून. तारखा बघा त्यावरच्या. या, घरी या, दाखवते."

आणि सरकार खरोखर आले. तोच पडताळणीचा माणूस, पण या वेळी तो खुर्चीवर टेकला आणि त्याने पाणीही घेतले. भिंतीचे छायाचित्र काढले, तक्रारीची प्रत घेतली. ज्या शासनाला सहा माणसांच्या तोंडून खरे काढता आले नाही, त्याने ते ओल आलेल्या भिंतीकडून घेतले. थंडोबाची पडताळणी महिना संपता संपता मंजूर झाली, एका वर्षापुरती. दर वर्षी ती नव्याने होणार होती. काकूंच्या नावापुढे मात्र 'साक्षीस अपात्र' असा शेरा पडला. पाच जबाब कागदावर खोटेच राहिले, आणि त्यांच्याबद्दल कुणी कुणाला काही विचारले नाही.

तो कामावर परतला. यंत्रांना त्याच्या गैरहजेरीत काही झाले नव्हते, आणि याचे त्याला जरा वाईटही वाटले. इमारतीत मात्र काहीतरी बिघडले होते. काकूंच्या जबाबाने आपणही पकडले जाणार या धास्तीने सचिवांनी बैठक घेतली आणि ठराव केला: रहिवाशांविषयी कोणतीही माहिती बाहेरच्या व्यक्तीस देऊ नये. आठवडाभराने थंडोबा कामावरून आला तर खालच्या दारात एक माणूस खोके घेऊन उभा होता आणि त्याचाच मजला विचारत होता.

"माहीत नाही," सचिव म्हणाले. थंडोबा त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता.

"दादा, मी आहे ना इथे."

"असशील. आम्ही सांगू शकत नाही."

खोकेवाला दोघांकडे आळीपाळीने पाहू लागला. थंडोबाने खोके घेतले, सही केली आणि त्याला वाटेला लावले. मग त्याने विचारले, "आणि पुढच्या वर्षी पडताळणीवाला आला की?"

"सगळे एकच सांगणार," सचिव म्हणाले. "ओळखत नाही. त्यात पुन्हा चूक निघायची भीतीच नाही."

थंडोबा खोके काखेत धरून दोन पायऱ्या चढला. थांबला. परत दोन उतरला, पण सचिव आत गेले होते आणि त्यांनी आतून कडी घातल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.