लाभ, एक, दोन

लग्नाच्या पंगतीत मी माणसं मोजतो. घरी ताटं मांडली की आपण चौघंच आहोत ना, हे दोनदा मोजतो. बायको म्हणते, "जनगणनेला नाव द्या एकदाचं." हे खूळ आमच्या बदलापूरच्या बोट क्लबातलं. म्हणजे माझं मीच लावून घेतलेलं.

क्लब कसला, उल्हास नदीच्या काठावर पत्र्याची शेड, वल्ह्यांच्या दोन लांब होड्या आणि काही हौशी माणसं. सहलींचं बुकिंग माझ्याकडे, कारण बाकीच्यांना वल्हवता येतं. व्हॉट्सअॅपवर निरोप टाकायचा, नावं उतरवून घ्यायची, मंडळींना पलीकडच्या झाडीत तासभर बसवून परत आणायचं. मोजणी मात्र क्लबातल्या आबांची. आबा शेतकरी घरचे. खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायची रीत, तीच त्यांनी होडीवर आणलेली. खांद्यावर हात ठेवत लाभ, दोन, तीन असं म्हणत माणसं चढवायचे. मला त्या 'लाभ'चा भारी हेवा वाटायचा.

त्या रविवारी आबांचा गुडघा धरला आणि मोजणी माझ्याकडे आली. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा गट होता. नावं दहा. त्यातल्या शिरगावच्या एका काकांनी सकाळी लिहिलं होतं, "जमणार नाही बहुधा." वर्षापूर्वी त्यांची बायको गेली, तेव्हापासून ते असंच लिहितात, असं गटातल्या एकानं सांगितलं.

दुपारी चारला मी आबांचा आवाज काढून सुरुवात केली. "लाभ. एक. दोन." मंडळी हसली, मला आणखी चेव आला. शेवटच्या खांद्याला 'नऊ' आले. म्हणजे शिरगावचे काका आले नाहीत, असं धरून मी त्यांच्या नावावर काट मारली. त्यांचा चेहरा मला माहीत नव्हता.

परतताना नकलेचा उत्साह संपला होता. पलीकडच्या काठावर साधं मोजलं, एक ते नऊ. "नऊ," मी मोठ्यानं म्हणालो, आणि होड्या सोडल्या. शेडमध्ये आल्यावर मंडळी रिक्षांकडे पांगली. केशरी लाइफ जॅकेटं टांगताना एक खुंटी रिकामी राहिली. होडीत पडलं असेल जॅकेट, म्हटलं, उद्या बघू. मी कुलूप लावलं.

घरी चहा पिताना बायकोला नक्कल करून दाखवली. ती वाडा तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. ती हसली नाही.

"लाभ झाल्यावर दोन," ती म्हणाली. "एक कुठून आणलात? लाभ म्हणजेच एक."

मी बोटांवर पुन्हा तसंच मोजलं. 'नऊ'ला दहावं बोट मिटलं. मग मला ती रिकामी खुंटी दिसली. समोर भिंतीवर काहीच नव्हतं, तरी दिसली.

आबांना फोन केला. लंगडत आले, होडीत बसले, मला वल्हं दिलं आणि पाण्यावर उजेड आहे तोवर पोचायचं एवढंच म्हणाले. मी वल्हं उलटं धरलं होतं, तेही त्यांनी सरळ केलं. मी सबंध वेळ पाण्याकडे बघत होतो. केशरी काही तरंगताना दिसू नये, एवढंच मागत होतो.

काका काठावरच्या दगडावर बसले होते. जॅकेटचे सगळे पट्टे नीट बांधलेले, हात गुडघ्यांवर.

"काका, हाक का नाही मारलीत?"

"मारणारच होतो. झाडामागून येत होतो तेवढ्यात तुम्ही नऊ म्हणालात." ते उठले. "इतक्या खात्रीनं म्हणालात की मला वाटलं, बरोबरच असेल."

"आणि सोबतचे?"

"दोन होड्या ना. ह्यातल्यांना वाटलं असेल मी त्यात, त्यातल्यांना वाटलं असेल मी ह्यात. घरीही आता कोण विचारतंय."

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लाभ," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुला मोजायला ठेवलं, तर माणूसच खाल्लास की रं."

परतीच्या वाटेवर मी तीनदा मोजलं. आम्ही तिघंच होतो, तरी प्रत्येक वेळी मागे वळून त्या दगडाकडे बघावंसं वाटत होतं.

आता दर शनिवारी मी सहलीचा निरोप टाकतो. काकांचं उत्तर पहिलं येतं. "जमणार नाही बहुधा." मी त्यांचं नाव काटत नाही. होडीत एक जागा सोडतो, एक जॅकेट खुंटीवर ठेवतो. परत निघताना सगळे बसल्यावरही मी काठावर उभा राहतो. मंडळी म्हणतात, "अहो, आलो की सगळे, चला."

मी झाडीकडे तोंड करून विचारतो, "कोणी राहिलंय का?" उत्तर येत नाही. पण त्या दिवशीही आलं नव्हतं.