राघवेंद्रचे सात जादूगार

तुळजापुरात राघवेंद्रची दोन रूपं आहेत. सोमवार ते शनिवार तो एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून असतो आणि दाखला मागायला आलेल्या पोरांना "साहेब जेवायला गेलेत" असं सांगतो. रविवारी स्वतःच्या माडीवर तो सृष्टी निर्माण करतो.

सृष्टी म्हणजे खेळ. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं आणि ते जमलं का नाही ते वीस पैलूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट सांगणाऱ्याला राघवेंद्र सूत्रधार म्हणतो. नाटकातला सूत्रधार प्रस्तावना झाली की बाजूला होतो. हा होत नाही.

असले खेळ बाहेरदेशी पुष्कळ. पण राघवेंद्रनं स्वतःचा लिहिला होता, आणि खेळ छापणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीनं "बघू" म्हटलं होतं. तिथल्या जाई मॅडम देवीच्या दर्शनाला येणार होत्या, तेव्हाच माडीवर एक डाव खेळून बघणार होत्या. पसंत पडला तर खेळ डब्यात घालून गावोगाव विकायचा. राघवेंद्रनं ही गोष्ट ऑफिसात, गल्लीत आणि खालच्या रसवंतीवाल्याला "पक्कं झालंय" अशी सांगून टाकली. आता नापसंत पडायची सोय राहिली नव्हती.

खेळाचा जीव होता सात जादूगारांत. तामलवाडीच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा दिग्विजय पहिल्यापासून टेबलावर असायचा. त्यानं एकदा विचारलं, "दादा, मांत्रिक काय करतो?"

"अग्नी सोडतो."

"आन् तांत्रिक?"

"अग्नीच. पण निळा."

"सिद्ध?"

"थंड अग्नी."

"दादा, ह्यो खेळ हाय का गॅसशेगडीचं दुकान?"

सोनालीला चहाचा ठसका लागला. सोनालीही तामलवाडीचीच, बी. फार्म. झालेली. तुळजापुरात तिचं मेडिकल आहे आणि तिच्या जिभेला झाकण नाही. ती म्हणाली, "सर, नावं झाकली तर कोण कुठला ते कळायचं न्हाय. आमच्या दुकानात असतं तसं झालंय. एकच गोळी, सात कंपन्या."

राघवेंद्रला ते लागलं. पुढच्या रविवारी तो नवा नियम घेऊन आला. घराणं पुजाऱ्यांचं, पालखीला पुढं खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा यावर चुलते-पुतणे दहा-दहा वर्षं अबोला धरतात, हे बघत तो मोठा झालेला. जादू म्हटल्यावर त्याला दुसरं सुचणार तरी काय?

"राक्षस दारात आलाय," तो म्हणाला.

"माझ्या मांत्रिकानं अग्नी सोडला," दिग्विजयनं फासा उचलला.

"थांब. पहिल्या अग्नीचा मान तांत्रिकाच्या घराण्याचा आहे."

"तांत्रिक मी," सोनाली म्हणाली. "पण मी मगाशीच बेशुद्ध पडलीय."

"मग तुझ्या भाऊबंदांपैकी कुणीतरी."

"गुहेत भाऊबंद कुठनं आणू, सर?"

राक्षसाला मानाची भानगड नव्हती. त्यानं सगळ्यांना खाल्लं.

चहाचे कप गोळा करायला आलेली राघवेंद्रची बायको राजेश्वरी म्हणाली, "आज लवकर मेलात."

सोनाली उठली नाही. "सर, मला एक जादूगारीण करू द्या. सावडकरीण. तिच्याकडं स्वतःची जादू काहीच न्हाय. आमच्यात खुरपणीला सावड करतात बघा, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तसंच. आज दिग्याचा अग्नी घेतला, तर पुढल्या खेपेला माझं काम टाकून म्या त्याचं काम करायचं. न्हाय केलं, तर मला पुन्हा कुणी काही देणार न्हाय."

चपला घालून गाभाऱ्यात येऊ का, असं कुणी विचारल्यासारखा राघवेंद्रचा चेहरा झाला. "जादू म्हणजे खुरपणी आहे का, सोनाली? जादू रक्तात असावी लागते."

"तुमच्या रक्तात साखर आहे, सर. गोळ्या माझ्याकडनंच नेता."

सावडकरीण नामंजूर झाली. सोनालीला मशाल धरायचं काम मिळालं.

जाई मॅडम आल्या त्या मळवट भरून, हातात प्रसादाची पिशवी. राघवेंद्रनं त्यांना सिद्ध दिला आणि सातही घराण्यांचे मान तोंडपाठ सांगितले. मॅडम शिकलेल्या बाई. जांभई नाकातून सोडत होत्या.

"यानंतर काय?"

"अग्नी."

"हा वेगळा का?"

"जांभळा आहे."

मॅडमनी मोबाईल उपडा ठेवला होता, तो सुलटा केला. इतक्यात गोष्टीतला पूल तुटला, दिग्विजयचा मांत्रिक लोंबकळला, पलीकडून राक्षस आला. मान कुणाचा ते राघवेंद्र कागदांत शोधू लागला.

"या मशालवालीला काहीच करता येत नाही का?" मॅडमनी विचारलं.

"येतं," सोनाली म्हणाली. "पण सरांना चालत न्हाय."

राघवेंद्रनं कागद खाली ठेवले. खाली रसवंतीचं चाक थांबलं होतं. बहुतेक कान वर लागले होते. "कर," तो म्हणाला, साहेबांच्या माघारी सही केल्यासारखा.

"दिग्या, तुझा अग्नी दे."

"घे. पण पुढल्या खेपेला माझी मावशी सोडवायची."

"कुठली मावशी?"

"राक्षसानं कोंडलीय. आत्ताच ठरवलं म्या."

"माझाही घ्या," मॅडम पुढं सरकल्या. "त्या बदल्यात मला पाठीवर घेऊन पलीकडं न्यायचं."

राक्षस पडला, पण सोनालीच्या डोक्यावर आता दोन सावडी, आणि एका खेपेला फेड एकाचीच होणार. तिनं मावशी सोडवली.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "माझी सावड बुडवलीत तुम्ही. आणि हे दिग्विजय, यांना मावशीच नाही."

"हाय की. आजारी असती."

चहावर साय धरली. भांडण पुढं चालू. शेवटी मॅडम हसत बसल्या आणि म्हणाल्या, "ही सावड कुणाला सुचली?"

राघवेंद्रनं घसा साफ केला. "हे आमच्याकडं पूर्वापार चालत आलंय."

"कुणाकडं, सर?" सोनालीनं विचारलं. आवाज अजिबात न चढवता.

तो फाशाचे पैलू मोजल्यासारखं करत राहिला. मग बोटानं सोनालीकडं दाखवलं. "हिला."

मॅडमनी सोनालीचा नंबर घेतला. सावडीभोवती अख्खा नवा खेळ बांधायचा, तिनंच लिहायचा, नाव तिचंच. सात जादूगारांचं काय, हे राघवेंद्रनं विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ते तुमच्याकडंच राहू द्या. जपून ठेवा."

गाडी गेली. राघवेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. राजेश्वरी भाकरी थापत होती.

"घेतला का कंपनीनं?"

"घेतला."

"तुमचा?"

"आपल्या माडीवरच झाला तो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मग माडीला विचारून या, जेवायला आत्ता वाढू का नंतर."