गच्चीवरचा चांगला क्षण

माझे हात थरथरतात, ही बातमी दहिवलीच्या आमच्या आळीत माझ्या थोरल्या जावेनं पसरवली. छातीत धडधड सुरू झाली की थरथरतात, खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडे उन्हाळ्यात तांदळाचे पापड कुणी एकटीनं करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, पोळपाट-लाटणं काखोटीला मारून सगळ्या जमतात. जिला बोलावणं नाही, तिच्या घरी कुणी जातही नाही. आणि ही बया दारोदार सांगत फिरली, "तिला नका बोलावू गं, पापड भाकरीसारखं जाड करते. आजारी हाय ती."

नाही बोलावलं कुणी. शेजारच्या ओटीवरून लाटण्यांचा आवाज यायचा, मध्येच हसणं यायचं, आणि मी आत छातीवर हात दाबून बसलेली. जेवण जाईना. तेव्हा ठरवलं, या बाईनं एकदा माझ्या दारात येऊन मला बोलवायला हवं. त्याशिवाय माझ्या जिवाला थंडावा नाही.

तिची मुलगी मात्र माझ्यावर जीव टाकणारी. तिनंच माझ्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. म्हणाली, "काकी, एखादा चांगला क्षण दिसला की फोटो काढून यात टाकायचा. रोज दिवेलागणीला घंटी वाजेल आणि तो फोटो आपोआप समोर येईल. मग तो क्षण सावकाश परत जगायचा. काय दिसलं, कसला आवाज आला, कसला वास. बघ, धडधड कमी होईल."

मी मोगरा टाकला. चहाचा कप टाकला. नदीवरचे बगळे टाकले. काडीचा फरक पडला नाही. मोगरा बघतानाही कानात लाटणी वाजायची.

मग एका दुपारी जावेच्या गच्चीवर माकडं उतरली. गच्चीभर जुन्या साड्या अंथरून पापड वाळत घातलेले, लेकीच्या रुखवताचे. जाऊ बाजारात गेलेली. माकडं दिसली की जिला दिसतील तिनं थाळी बडवायची, अशी आमच्या आळीची रीत. थाळी माझ्या हाताशीच होती. मी मोबाईल उचलला.

काय सांगू ते सुख. मोठं माकड ऐटीत मधोमध बसून दोन्ही हातांनी पापड मोडत होतं. कुरुम कुरुम आवाज खिडकीपर्यंत येत होता. तापलेल्या गच्चीचा, जिऱ्याचा वास येत होता. पुतणीचं वाईट वाटलं, पण थोडंसंच. त्या संध्याकाळी घंटी वाजली, फोटो आला, आणि मी तो क्षण तिनं सांगितला तसा सावकाश जगले. धडधड थांबली. पोटभर जेवले. त्यानंतर मी दुसरा फोटो टाकलाच नाही.

पुतणीचं लग्न तोंडावर आलं, रुखवताचे पापड पुन्हा करायचे होते, तशी जाऊ दारात आली. आळीतल्या बायांच्या पाळ्या ठरलेल्या, हात कमी पडत होते. खाली बघत म्हणाली, "येशील का गं लाटायला?"

"माझे हात थरथरतात ना, जाऊबाई?"

"ये गं. चुकलं माझं."

गेले. मुद्दाम मधोमध बसले. असे पातळ पापड लाटले की पोळपाट आरपार दिसावा. जावेनं स्वतः चहा आणून दिला. बाया बघत होत्या. मी त्यांना बघू दिलं. बोलता बोलता दिवेलागण झाली.

पोळपाटाशेजारी ठेवलेल्या मोबाईलची घंटी वाजली. माझे हात पिठाचे. चहाचे कप गोळा करायला वाकलेल्या जावेनं तो उचलला. तिची गच्ची, तिच्या साड्या, तिचे पापड, त्यांवर माकडं. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. लाटणी एकेक करून थांबली.

"फोटो काढताना हात नाय थरथरला गं," ती म्हणाली.

"नाही थरथरला," मी म्हणाले, आणि पुढची लाटी घेतली.