हिरव्या टॉवेलवरचे चार रविवार

लेकीसाठी मुलाचं घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी सगळ्या खोल्या दाखवल्या, एक सोडून. तिचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून रंगाचा वास येत होता. मुलाची आई म्हणाली, "ती त्याची खोली हाय ताई. पसारा लई हाय. तुमी चहा घ्या की."

मी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि दार उघडलं. बावीस वर्षं घराखालच्या दुकानात बायकांचे कपडे शिवते. गिऱ्हाईक "जुना ब्लाऊज आतून बघू नका" म्हणालं की मी तो आधी उलटा करते.

आत एका मोठ्या टेबलावर प्लायवूड ठेवलेलं होतं आणि त्यावर हिरवागार टॉवेल अंथरलेला. त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याची घरं, काथ्याची झाडं. भिंतीला काचेचं कपाट, आणि कपाटात सैनिक. अंगठ्याच्या पेराएवढे, चार रांगा भरून. कुणाकडे तलवार, कुणाकडे बंदूक. प्रत्येकाला मिशा, पट्टा, पट्ट्याला बक्कल. हे सगळं ज्याचं, तो मुलगा एकोणतीस वर्षांचा. टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात नोकरीला, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी रंग जुळवायचं काम.

"हे काय?" मी विचारलं.

"युद्धाचा खेळ आहे काकू. टेबलावर खेळतात. सैनिक सुट्या भागांत मिळतात. कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मग समोरासमोर मांडून लढायचं."

"आणि हे फासे?"

"गोळी लागली का नाही, ते फासा टाकून ठरतं."

फासे म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने खाली मान घालून पायांकडे बघितलं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "मला तर पोरगा बरा वाटला." त्याला सगळेच बरे वाटतात.

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. ती या मुलाला दोनदा भेटली होती. तिने मला फोनवर सांगितलं होतं, "मला पसंत आहे. पण तू हो म्हणेपर्यंत मी हो म्हणणार नाही." अशा मुली सगळी जबाबदारी आईच्या डोक्यावर ठेवून मोकळ्या होतात. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, कारखान्यात ओळखीतून विचारलं. सगळे चांगलंच बोलले. सगळेच चांगलं बोलतात तेव्हा मला जास्त शंका येते.

माझा एक मामा होता. कॅरममध्ये हरायला लागला की कोपराने बोर्ड किंचित हलवायचा आणि "अरे, लागला वाटतं" म्हणायचा. पुढे शेताच्या वाटणीतही त्याने तेच केलं. म्हणून दोन दिवसांनी मी मुलाला फोन केला. "मला तो खेळ शिकवा," म्हणाले. "रविवारी सकाळी या," तो म्हणाला.

पहिल्या रविवारी सकाळी दहाला मी हजर झाले. त्याने मला दहा सैनिक दिले, अजून जोडायचे, करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले. बारीक कटरने ते सोडवायचे, जोडाचा व्रण पात्याने खरवडायचा, मग थेंबभर गोंद. हे मला जमलं. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला एवढं जमतंच. रंग नंतर घरी नेऊन लावला. "रंग पातळ करा काकू, दोन हात द्या. एकदम जाड दिलात तर तोंड बुजतं," तो म्हणाला होता. बरोबर म्हणाला होता. पहिल्या दोघांची तोंडं बुजली.

नियम त्याने एका कागदावर लिहून दिले. आपली पाळी आली की आधी चालायचं, मग मारायचं. पायी सैनिक एका पाळीत सहा इंच चालतो. बंदूक चोवीस इंचांपर्यंत पोचते, त्यापुढे नाही. फाशावर चार किंवा जास्त पडले तर गोळी लागली. एक सैनिक सरदार असतो, तो पडला की बाकीच्यांचे पाय डळमळतात. मी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "तुमचं सैन्य मला द्या, माझं तुम्ही घ्या."

"का?"

"शिकाऊ माणसाला तुम्ही चांगलं सैन्य कशाला द्याल?"

त्याने मुकाट्याने सैन्य बदललं. मी जिंकले. मग पुढच्या खेळापासून माझं मी परत घेतलं, कारण त्याचं सैन्य काही वेगळं नव्हतं.

निघताना मी चार फासे मागून घेतले. घरी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पोळपाटावर टाकत बसले आणि किती वेळा काय पडतं ते खडूने ओट्यावर लिहीत गेले. नवरा दारात येऊन उभा राहिला. "आता फासे घरात आणलेस व्हय?"

"तपासतेय."

"सापडलं काय?"

"काही नाही."

"मग तोंड का पाडलंस?" तो म्हणाला. तो जेऊरकडचा आहे, कमी बोलतो, पण नेमक्या वेळी बोलतो.

फासे सरळ निघाले. मग राहिली मोजणी. सगळा खेळ इंचांवर, आणि त्याच्याकडे स्टीलची टेप, कडकन आत जाणारी. दुसऱ्याची टेप मी वापरत नाही. दुसऱ्या रविवारी माझी स्वतःची कापडी टेप गळ्यात घालून गेले. दुकान सुरू केलं तेव्हापासून तीच आहे, टोकाचं पितळ झिजून गुळगुळीत झालेलं. सैन्यं मांडायच्या आधी मी टेबल मोजलं.

"किती आहे हे?"

"चार फूट, काकू. अठ्ठेचाळीस इंच."

"सत्तेचाळीस भरतंय. सुताराने तुम्हाला फसवलं."

तो टेबलाकडे बघत राहिला. मग माझ्या गळ्याकडे बघितलं. "असेल काकू," एवढंच म्हणाला.

त्या दिवशीही मी जिंकले. तिसऱ्या रविवारीही जिंकले. आणि तिथून मला चैन पडेना. तीन रविवार शिकलेली बाई सहा वर्षं खेळणाऱ्या माणसाला तीनदा हरवते? होणाऱ्या सासूला खूष ठेवायला हा मुद्दाम हरत होता, असं माझ्या मनाने घेतलं. कॅरमचा बोर्ड स्वतःच्या फायद्यासाठी हलवणारा माणूस एक वेळ परवडला. तो निदान ओळखू येतो. दुसऱ्याच्या फायद्यासाठी हलवणारा गोड बोलून काय काय करेल, सांगता येत नाही.

त्याची आई दर रविवारी चहा घेऊन यायची आणि विचारायची, "मग ताई, काय ठरलं?" तिच्या भावाने मोहोळहून दुसरं एक स्थळ सुचवलं होतं आणि ती त्याला एकेक आठवडा थांबवून ठेवत होती. मुलगी फोनवर विचारायची नाही. जेवलीस का, पाणी आलं का, एवढंच बोलायची, आणि मग नुसती थांबायची. त्यातच मी तिला पाठवलेला नवा ब्लाऊज पुन्हा ढगळ झाला होता. ती मैत्रिणीकडून माप घेऊन फोनवर सांगते, मी शिवून पाठवते, आणि दर वेळी तो सैल होतो. ती बारीक होतेय, तिला कसली तरी काळजी लागलीय आणि ती लपवतेय, असं मी वर्षभर धरून चालले होते.

चौथ्या रविवारी मी ठरवूनच गेले. आज खेळाकडे लक्ष नाही, त्याच्याकडे.

तिसऱ्या पाळीत माझा सरदार घराच्या आडोशातून बाहेर आला. समोर टेकडीवर त्याचा बंदूकवाला. मुलाने स्टीलची टेप लावली. "सव्वाचोवीस. नाही पोचत," म्हणाला आणि टेप आत सोडली.

मी माझी टेप लावली. पावणेचोवीस.

"पोचतंय," मी म्हणाले.

"नाही पोचत काकू."

"माझा सरदार मरतोय आणि मी म्हणतेय पोचतंय. तुम्ही कशाला नाही म्हणता? मुद्दाम हरताय ना? तीन रविवार हेच चाललंय."

त्याचे कान लाल झाले. "मी एकदाही मुद्दाम हरलो नाही."

"मग हे काय?" मी टेप त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने स्टीलची टेप काढली, टेबलाच्या कडेला लावून पूर्ण उघडली आणि लॉक केली. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी माझी टेप दिली नाही. स्वतःच तिच्याशेजारी अंथरली, सुरुवातीला सुरुवात जुळवून, सुरकुती न ठेवता. दोन्ही टेपा टेबलाच्या बाहेर लोंबायला लागल्या, तेव्हा त्याने खालून ताट धरतात तसा हात धरला. माझी टेप साठावर संपली. स्टीलच्या टेपेवर तिथे सव्वाएकसष्ट होतं.

स्टील ताणलं जात नाही. कापड जातं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शिकायला येणाऱ्या मुलींना मीच सांगते की टेप ओढू नका. बावीस वर्षं गळ्यात लोंबून, गिऱ्हाइकांच्या कमरेभोवती आवळून माझी टेप सव्वा इंच वाढली होती. दुकानात कळलं नाही, कारण माप त्याच टेपेने घ्यायचं आणि कापडही त्याच टेपेने बेतायचं. चूक दोन्हीकडे सारखी, कपडा बरोबर. इथे मात्र माझा प्रत्येक सैनिक दर पावलाला थोडा जास्त चालत होता आणि माझ्या बंदुका अर्धा इंच लांब पोचत होत्या. टेबल चार फुटांचंच होतं. सुतार बिचारा सरळ होता.

मी खुर्चीत बसले. "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या रविवारी. तुम्ही सत्तेचाळीस म्हणालात तेव्हा."

"आणि गप्प बसलात?"

"तुमचा धंदा आहे त्याच्यावर. पाहुण्या बाईला घरात बसवून तुमची टेप चुकीची आहे, असं कसं सांगायचं?"

आता मला खरोखर राग आला. तो मुद्दाम हरला नव्हता, लबाडी केली नव्हती. पण त्याला माहीत होतं आणि तो दोन रविवार हसून फासे टाकत होता. "उद्या माझ्या मुलीचं काही चुकलं तर? तेव्हाही असंच बसणार? वाईट वाटेल म्हणून?"

"तिला मी त्याच दिवशी सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"टेपेचं. तुम्ही निघाल्यावर फोन केला. तिला विचारलं, कसं सांगू. ती म्हणाली, तू सांगू नकोस, आईला स्वतःला सापडू दे, दुसऱ्याचं ती ऐकत नाही. मी म्हणलं, हे बरोबर नाही. त्यावरून आमचं भांडण झालं. दोन दिवस बोललो नाही आम्ही."

मी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"तुला टेपेचं माहीत होतं?"

आधी ती हसली. मग म्हणाली, "सापडलं का? आई, म्हणून माझे ब्लाऊज ढगळ होतात. मैत्रिणीची टेप नवी आहे, माप नव्या टेपेचं आणि बेतणं तुझ्या टेपेवर. आणि तू मला वर्षभर डबल पोळ्या खायला लावतेस."

"भांडलात तुम्ही दोघं?"

"हो. तो म्हणत होता मी चुकतेय. तेच तेच सांगत होता. लई चिवट आहे."

"बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्यासमोर तोंड उघडायला तो कचरला होता, पण तिच्यासमोर कचरला नव्हता. माझ्या मुलीशी भांडून टिकणारी माणसं थोडी आहेत. मी स्वतः त्यात मोडत नाही.

मी कापडी टेप गुंडाळून पिशवीत टाकली आणि त्याची स्टीलची टेप माझ्या बाजूला ओढली. "पहिल्यापासून मांडा. आणि आता काही दिसलं तर तिथेच बोलायचं."

अर्ध्या तासात माझे आठ सैनिक आडवे झाले. सरदार दुसऱ्याच पाळीत गेला. मी एकदा पाऊल उचलून परत ठेवायला लागले तर तो म्हणाला, "हात सोडला होता काकू. आता नाही." एकदा मी टेकडीआडून गोळी मारायला गेले तर त्याने टेबलाशी वाकून, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "दिसत नाही. पाळी गेली." एकदाही त्याने 'सॉरी' म्हटलं नाही. मी मनात एक एक गोष्ट नोंदवत होते आणि हरत होते.

त्याची आई चहा घेऊन आली. टेबलावर पडलेले माझे सैनिक बघून तिने ट्रे हातातच धरला. मुलाने आज सगळी घाण केली, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "मग ताई," ती हळूच म्हणाली, "काय ठरवलंत?"

"भावाला मोहोळला कळवून टाका, नको म्हणून," मी म्हणाले. "साखरपुड्याचा दिवस बघा. ब्लाऊज मी शिवणार. नवी टेप घेऊन, मुलीला समोर उभं करून."

तिने ट्रे थर्माकोलच्या टेकडीवरच टेकवला. टेकडी दबली. मुलगा आईकडे बघत होता, माझ्याकडे बघत नव्हता, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. मी माझे सैनिक डब्यात भरायला घेतले. झेंडेवाला हातात आला तेव्हा लक्षात आलं की त्याचा झेंडा एका बाजूला कललाय.

"हे बघा," मी म्हणाले. "मला वाकडा झेंडेवाला दिलात तुम्ही."

त्याने तो माझ्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडात फिरवून बघितला आणि परत दिला.

"हा तुम्ही चिकटवलाय काकू," तो म्हणाला. "मी त्याच दिवशी बघितलं होतं."