न शिजवलेला गहू

क्रिस्तालूच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. लार्नाकाच्या बाजारात हलूमी चीज घेऊन बसली आणि कुणी घासाघीस केली, की म्हणायची, "फुकट हवंय? मग शेळीलाच जाऊन विचारा!" पण गव्हाचा विषय निघाला की हीच बाई मिटून जायची. आमच्यात माणूस गेला की गहू शिजवतात, वर डाळिंबाचे दाणे आणि बदाम घालतात आणि त्याच्या नावाने चर्चमध्ये वाटतात. लुकिसचा, तिच्या लेकाचा, गहू तिने कधी शिजवलाच नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या लढाईत तुर्की फौज आली आणि सगळं गाव जीव मुठीत धरून दक्षिणेला पळालं. लुकिस अर्ध्या वाटेतून मागे फिरला. "शेळ्या बांधलेल्याच राहिल्यात आई, सोडून येतो." गेला तो गेलाच. मग आमच्या बेटाच्या मधोमध काटेरी तारा ठोकल्या गेल्या. आमचे ख्रिस्ती लोक खाली दक्षिणेला, तुर्क वर उत्तरेला, आणि क्रिस्तालूला राहायला मिळालं उत्तरेला निघून गेलेल्या कुणा तुर्काचं घर.

पाद्रीबाबा दरवर्षी यायचे. "क्रिस्तालू, पोराच्या आत्म्याला शांती नको का?"

"जिवंत माणसाचा गहू शिजवू? तुमच्या जिभेला काही हाड?"

दर शनिवारी संध्याकाळी ती ऑलिव्हची पानं जाळायची आणि दृष्ट लागू नये म्हणून तो धूर घरातल्या एकेकाच्या डोक्यावरून ओवाळायची. नवरा थोफिस, मुलगी मारूला आणि शेवटी लुकिसची रिकामी खुर्ची. हा धूर जित्याजागत्यांचा, मेलेल्यांचा नव्हे. पण त्या खुर्चीपाशी धूर वर जायचाच नाही. बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर घुटमळायचा आणि मग कुणी ओढून घ्यावा तसा नाहीसा व्हायचा. थोफिसने एकदा ते पाहिलं आणि पुढे मरेपर्यंत त्या खोलीत घास घेतला नाही. क्रिस्तालूला मात्र त्याचा आधार वाटायचा. घेतोय ना, म्हणजे आहे!

बऱ्याच वर्षांनी तारांमधले नाके उघडले. सगळी दुनिया आपापली घरं बघून आली, ही मात्र महिनोन्महिने टाळत राहिली. शेवटी डाळिंबांच्या दिवसांत एका शनिवारी मारूलाने तिला गाडीत घातलं. नाक्यावर तुर्की पोलिसाने कागदावर शिक्का मारला. "आपण म्हणतो यांचं सरकारच नाही," क्रिस्तालू पुटपुटली, "मग हा शिक्का काय भुताने मारला?" गावामागचा पाच शिखरांचा डोंगर जवळ येत गेला तशी ती मारूलाला गाडी हळू घ्यायला सांगू लागली.

तिच्याच घराचं दार एका तुर्क म्हातारीने उघडलं. तिचं नाव पेंबे. दक्षिणेतल्या पाफोसकडून हाकललेली, म्हणून आमची भाषा अस्खलित. "अगो बाई, घराची मालकीणच आली! या, बसा. बरोब्बर वेळेवर आलात." आणि हसत हसत तिने क्रिस्तालूच्या हातात ताटली ठेवली. शिजवलेला गहू, डाळिंबाचे दाणे, बदाम.

ताटली खळ्ळकन फरशीवर फुटली.

"कुणी सांगितलं तुला?" क्रिस्तालू किंचाळली. "कुणी सांगितलं माझा पोर मेला म्हणून?"

पेंबेचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, नातवाला पहिला दात आला! आम्ही दाताचा गहू शिजवतो. आनंदाचा गं! देवाशपथ, मला काय ठाऊक?"

मारूलाने समजूत घातली, पाणी दिलं. पेंबे खाली बसून दाणे गोळा करू लागली. मधेच तिचा हात थांबला.

"पोर... या घरातला?" तिने हळूच विचारलं. "चल. नवऱ्यालासुद्धा कधी बोलले नाही, पण तुला दाखवते."

तिने त्यांना मागच्या शेळ्यांच्या गोठ्यात नेलं. दिवस कलला होता. गोठ्यात शेळ्या दाटीवाटीने उभ्या होत्या आणि आतला एक कोपरा लख्ख मोकळा होता.

"इथे एक शेळी बसत नाही. मारलं तरी नाही. आणि शनिवारी अशा वेळेला इथे ऑलिव्हच्या धुराचा वास येतो. आसपास कुणी काही जाळत नाही, पण येतो. आम्ही आलो त्या वर्षापासून एक शनिवार चुकला नाही." तिने हवेत नाक वर केलं आणि कपाळाला आठी घातली. "आजही शनिवारच ना? आज कसा येत नाही?"

मारूलाने आईकडे पाहिलं.

"आज मी इथे आहे ना," क्रिस्तालू म्हणाली. "आज घरी धूर कोण घालणार?"

ती कोपऱ्यात गेली आणि गुडघे टेकून तिने जमिनीवर तळवा ठेवला. इतक्या वर्षांचं रडू तेव्हा फुटलं. पेंबेही रडली, आपल्याच घरातलं कुणी गेल्यासारखी.

थोड्या वेळाने क्रिस्तालूने काळ्या झग्याच्या बाहीनेच तोंड पुसलं. "पेंबे, तुझ्या पातेल्यात गहू उरलाय?"

"उरलाय गं. पण तो दाताचा..."

"असू दे. आण."

मारूला म्हणाली, "आई, हरवलेल्या माणसांना शोधणारे लोक आहेत. त्यांना कळवायला हवं. ते येऊन खणतील."

"उद्या कळव," क्रिस्तालू भिंतीला टेकून बसत म्हणाली. "आज मला माझ्या लेकरापाशी बसू दे."